वाड्याच्या दरजांत सिमेंट नको
शनिवारवाड्याच्या तटासारखं खाली दगड, वर वीट असं जुनं बांधकाम हाती आलं असेल, तर सिमेंटचं पोतं आधी बाजूला ठेवा. जुनी वीट मऊ, पाणी शोषणारी. दरज, म्हणजे विटांमधला सांधा, तिच्याहून कडक झाली की ओल विटेतूनच बाहेर पडते, सोबतचे क्षार तिचे पापुद्रे काढतात, आणि तशी वीट आता सहज मिळत नाही हो! चुनाच वापरा. चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, भिजवून नीट मुरू द्या. चाळलेली वाळू, थोडी सुरखी (विटेची पूड) घाला. मोकळी दरज छिन्नीनेच, इंचभर खोल उकरा. ग्राइंडर विटेच्या कडा खातो. भरण्याआधी भिंत भिजवा, नंतर आठवडाभर तरी ओलं गोणपाट ठेवा. मात्र गळकी पन्हळ या सगळ्याच्या आधी दुरुस्त करा.