बेळगावच्या रस्त्यांवरचे जवान: जुने फोटो जमवायला लागताना

आजोबांच्या ट्रंकेत कॅम्पातले, म्हणजे बेळगावच्या लष्करी छावणी भागातले, फोटो सापडले म्हणताय, म्हणजे सुरुवात झालीच. आता आणखी शोधत फिरण्याआधी आहेत तेच नीट बघा.

नवखा माणूस गणवेश बघतो आणि मागचा रस्ता विसरतो. खरी माहिती तिथेच असते. दुकानाची पाटी, टांगे, विजेचे खांब यांवरून खडेबाजार की कॅम्प ते ठरतं. भिंग घ्या, पाट्या वाचा, गल्लीतल्या म्हाताऱ्यांना दाखवा.

काळासाठी एक सोपी खूण: भारतीय मेजरच्या खांद्यावर मुकुट असेल तर फोटो साधारण १९५० आधीचा. प्रजासत्ताकानंतर तिथे अशोकाचे सिंह आले.

ट्रकांची रांग दिसली की लोक लगेच ‘गोवा मुक्ती, १९६१’ लिहून मोकळे होतात. त्या डिसेंबरात सैन्य बेळगावात जमलं होतं, खरं आहे. पण मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच इथे, लष्करी गाड्या एरवीही दिसायच्या! पुरावा नसेल तर सरळ प्रश्नचिन्ह टाका. आणि खाकीतला प्रत्येक जण जवान नसतो. सीमालढ्याच्या फोटोंत बहुधा पोलीस असतात.

हाताळताना:
- मागे बॉलपेन नको, मऊ पेन्सिल चालेल.
- सेलोटेप आणि लॅमिनेशन अजिबात नको.
- ६०० डीपीआयला दोन्ही बाजू स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का कधीकधी मागे असतो.

तोच कोपरा आज टिपायचा असेल तर कॅम्पात आधी परवानगी विचारा. पलटणींचे बिल्ले ओळखणं सध्या राहू द्या, त्यात शिरलात की रस्ता परत सुटेल.