टूरची बस इटलीतल्या डोंगरमाथ्यावरच्या ऑर्व्हिएतोला जेमतेम अडीच तास थांबणार आहे. एवढ्यात काय बघून होईल?

स्टेशनसमोरून फ्युनिक्युलरने (दोराने ओढल्या जाणाऱ्या छोट्या रेल्वेने) वर गावात जा, चढण वाचते. वर उतरलात की आधी जवळच असलेली सेंट पॅट्रिकची विहीर गाठा. बरेच जण थेट कॅथेड्रलकडे पळतात आणि हिला मुकतात. 1527 साली रोम लुटलं गेलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट इथे आश्रयाला आला. वेढा पडलाच तर पाण्याची सोय हवी म्हणून त्याने ही खोदवली. खोली 53 मीटर. गंमत जिन्यांची आहे: उतरायचा वेगळा, चढायचा वेगळा, दोन्ही एकमेकांभोवती गुंफलेले, म्हणजे पखाली घेऊन वर येणारं खेचर खाली जाणाऱ्याला आडवं येत नसे. मधल्या खिडक्यांतून पलीकडच्या जिन्यावरची माणसं दिसतात, पण भेटत नाहीत. पायऱ्या 248, आणि त्या परत चढायच्याही आहेत! गुडघे कुरकुरत असतील तर वरूनच डोकवा.

मग कोर्सो काव्हूर या रस्त्याने रमतगमत कॅथेड्रल. बाहेरून काळ्या-पांढऱ्या दगडांचे पट्टे, आत चित्रकार सिन्योरेलीची भित्तिचित्रं. खांदे झाकलेले असू द्या. जमिनीखालच्या गुहांचा नाद मात्र या खेपेला सोडा, तेवढा वेळ नाही.