उपोषणातले पोषण

'उपाध्यक्ष जसा अध्यक्षाच्या खालचा, तसे उपोषण म्हणजे थोडेसे पोषण, अशी माझी लहानपणी समजूत होती. तिला काही आधार आहे का, आणि मुले असे अर्थ का लावतात?' असे एका वाचकाने विचारले आहे. मुलांचे सोपे आहे: अनोळखी शब्दात ती ओळखीचा तुकडा शोधतात. समजुतीला मात्र व्याकरणाचा आधार नाही, कारण 'उप' आणि 'पोषण' मिळून 'उपपोषण' झाले असते. 'उपप्रकार' म्हणताना एक प कोणी गिळत नाही.

मूळ धातू 'वस्', म्हणजे राहणे. 'प्र' लागून जसे 'प्रवास' आणि 'प्रोषित' (प्रवासाला गेलेला), तसेच 'उप' लागून 'उपवास', 'उपोषित' आणि 'उपोषण'. 'व'चा 'उ' होतो आणि त्या 'उ'मुळे पुढच्या 'स्'चा 'ष्' होतो, हे 'उपोशण' लिहिणाऱ्यांनी एकदा ध्यानात घ्यावे.

आता, 'उपवास म्हणजे देवाजवळ राहणे' हे प्रवचनांतून ऐकून कान किटले आहेत. कोण कोणाजवळ राहतो, हे सांगणाऱ्यांनी शतपथ ब्राह्मण या यज्ञविधींच्या वैदिक ग्रंथाची पहिली काही वाक्ये तरी वाचायला हवी होती. यजमानाने व्रत घेतले की हा उद्या यज्ञ करणार हे देवांना कळते, ते आदल्या दिवशीच त्याच्या घरी येऊन मुक्काम करतात, आणि म्हणून तो दिवस 'उपवसथ'. घरी आलेली माणसे जेवली नसताना आपण जेवणे जेथे शोभत नाही, तेथे देवांच्या आधी कसे जेवावे? म्हणजे जवळ राहायला येतात ते देव, आणि यजमान उपाशी राहतो तो पाहुण्यांच्या मानासाठी. काहीच न खाणे मात्र त्याच ग्रंथातल्या याज्ञवल्क्य ऋषीला मान्य नव्हते. खाऊनही न खाल्ल्यासारखे ठरेल असे रानातले काही खावे, असा तोडगा त्याने तेथेच काढला आहे. फराळाची इतकी जुनी आणि इतकी चतुर तरफदारी माझ्या तरी वाचनात दुसरी नाही.

याच 'उपवसथ'चे बौद्धांच्या पालीत व्रताच्या दिवसाचे नाव 'उपोसथ' झाले आणि जैनांच्या प्राकृतात आरंभीचा 'उ' गळून उपवासाच्या व्रताचे नाव 'पोसह' उरले. पुढे पंडितांनी त्याला पुन्हा संस्कृत वेष चढवून 'पोषध' केले आणि धर्माचे पोषण करते ते पोषध, अशी व्युत्पत्ती दिली. आपल्या वाचकाने बालपणी जो तुकडा पकडला, तोच या थोर पंडितांनीही पकडला, आणि त्यांचे वय तर लहान नव्हते.