परक्या घरातला चौथा महिना

प्रश्न : मी सोळा वर्षांची असून विद्यार्थी देवाणघेवाण कार्यक्रमातून दहा महिन्यांसाठी परदेशात, एका यजमान कुटुंबाकडे राहते आहे. सुरुवातीचे दिवस उत्साहात गेले. आता चौथा महिना चालू आहे आणि कशातच मन लागत नाही. शाळेत सगळे सौजन्याने वागतात, परंतु मधल्या सुट्टीत कोणाजवळ जाऊन बसावे ते कळत नाही. घरी सर्वांचे बोलणे इतक्या वेगाने चालते की जेवण होताच मी खोलीत जाऊन दार लावून घेते आणि उशिरापर्यंत आईशी व्हिडिओ कॉलवर बोलत राहते. ‘तुला इथे काही कमी पडते आहे का?’ असे यजमान आईंनी परवा विचारले, तेव्हा मला रडू आले आणि उत्तर देता आले नाही. मी परत जावे का? आणि गेले, तर मी हरले असा त्याचा अर्थ होईल का?

उत्तर : तुझ्या यजमान आईंच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तुझ्या पत्रातली सर्वांत आशादायक गोष्ट मला तीच वाटते. शाळकरी मुलांची देवाणघेवाण १९४७ पासून करणारी एएफएस असो किंवा १९५१ मध्ये सुरू झालेली यूथ फॉर अंडरस्टँडिंग असो, अशा कार्यक्रमांतील यजमान कुटुंबे सहसा कोणताही मोबदला न घेता आपले घर उघडतात. त्यामुळे तुझे बंद दार पाहून आपलेच काही चुकते आहे, असे त्यांना वाटत असणार. तू त्यांना खरे कारण अजून सांगितलेले नाहीस. बोलताना शब्द अडत असतील, तर चार ओळी लिहून दे : ‘तुमचे घर मला आवडते, पण दिवसभर तुमची भाषा ऐकून संध्याकाळी मी इतकी थकते की मला तासभर एकटीने बसावे लागते.’ एवढे कळले, तरी त्यांच्या मनातला घोर कमी होईल आणि तुझ्याही मनावरचे ओझे उतरेल.

हा थकवा खरा आहे, आणि तो तुझ्या स्वभावातला दोष नाही. नव्या भाषेत ऐकताना मनाला शब्द सुटे करावे लागतात, राहिलेल्या जागा अंदाजाने भराव्या लागतात, उत्तर जुळवावे लागते; आणि ते जुळेपर्यंत इतरांचे बोलणे पुढच्या विषयावर गेलेले असते. आपल्या भाषेत हजरजबाबी असलेली मुलगी अशा वेळी स्वतःलाच मंद आणि नीरस वाटू लागते, आणि माझ्या मते याच गोष्टीचे दुःख घराच्या आठवणीपेक्षाही खोल असते. भाषा कानावर पडत राहिल्याने हा ताण हळूहळू ओसरतो, मात्र त्यासाठी झोप पुरेशी व्हावी लागते, आणि तुझी झोप रात्रीच्या त्या कॉलमध्ये जाते आहे.

आईशी बोलणे बंद कर, असे मी मुळीच सांगणार नाही. परंतु दिवसभरात सांगण्यासारखे जे जे घडते, ते तू रात्री आईसाठी राखून ठेवतेस, आणि त्यामुळे तिथल्या जेवणाच्या टेबलावर सांगायला तुझ्याकडे काही उरत नाही. आठवड्यातले एक-दोन दिवस ठरवून सविस्तर बोला. एरवी छोटासा निरोप पुरे. हा बदल तुझ्यापेक्षा आईला अधिक जड जाईल, म्हणून तो का करते आहेस, हे तिला आधीच समजावून सांग.

शाळेत जमलेल्या घोळक्यात शिरण्याचा प्रयत्न सोडून दे. जिथे हाताला काम असते आणि भेटण्याची वेळ ठरलेली असते, असा खेळाचा संघ, गायनवृंद किंवा नाटकाचा गट निवड. तिथे थोडक्या शब्दांवरही ओळख वाढते.

आता परत जाण्याविषयी. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९५४ मधील एका भाषणात सांस्कृतिक धक्क्याच्या टप्प्यांचे वर्णन केले होते : आधी मोह, मग वैताग, मग हळूहळू सावरणे. पुढच्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांच्या अनुभवांवरून, सुरुवातीनंतर खाली जाऊन पुन्हा वर येणारी, जुळवून घेण्याची एक वक्ररेषा मांडली. तुझा अनुभव या वर्णनाशी जुळतो, हे समजल्याने थोडा धीर येईल. तथापि त्या वक्ररेषेवर फार विसंबू नकोस, कारण नंतरच्या काही अभ्यासांत अनेकांना सर्वाधिक त्रास अगदी सुरुवातीलाच झाल्याचे आढळले, आणि सर्वांची वाट सारखी नसते. म्हणून रात्रीच्या रडण्यात निर्णय घेऊ नकोस. तुझ्या कार्यक्रमाच्या स्थानिक समन्वयकांना आताच सगळे सांग, त्यांच्याबरोबर दीड महिन्यानंतरची एक तारीख ठरव आणि वर सांगितलेले बदल तोवर करून पाहा. त्यानंतरही परतावेसे वाटले, तर जरूर परत ये. त्यात हार कसली? मात्र कोणी तुला धमकावले, नकोसा स्पर्श केला, तुझा पासपोर्ट अडवून ठेवला, किंवा तुझे खाणे-झोपणे तुटले आणि स्वतःला इजा करण्याचे विचार येऊ लागले, तर कोणत्याही तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी समन्वयकांना आणि आई-बाबांना कळव.

प्रश्न : आमचा मुलगा अशाच कार्यक्रमातून परदेशी गेला आहे. यजमान कुटुंब भले आहे, पण त्याचे तिथे जुळत नाही. घर बदलून मागितले, तर त्यांचा अपमान होईल का?

उत्तर : होणार नाही, फक्त मागणी योग्य मार्गाने जायला हवी. रोटरीच्या वर्षभराच्या कार्यक्रमात तर विद्यार्थ्याने एकाहून अधिक कुटुंबांत राहणे हीच रीत आहे. आपण स्वतः यजमानांना फोन करू नये. तसे केल्यास मुलगा त्याच घरात असताना अवघडलेपण वाढते. त्याने समन्वयकांशी बोलावे आणि ‘जुळत नाही’ एवढेच न म्हणता नेमके काय घडते, ते सांगावे. अमेरिकेच्या नियमांनुसार समन्वयकांनी विद्यार्थ्याशी आणि यजमानांशी दर महिन्याला संपर्क ठेवणे बंधनकारक आहे; आपला मुलगा ज्या देशात आहे, तिथल्या अटी करारपत्रात पाहून घ्याव्यात. समन्वयक दाद देत नसतील, तर संस्थेच्या मुख्य कार्यालयाला लेखी कळवावे आणि त्या पत्राची प्रत स्वतःजवळ ठेवावी.