प्यायल्या दिवशी गोळी घ्यायची का?

एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, समुपदेशन करताना तरुण मुलांकडून हा प्रश्न सतत येतो. समोर बसलेले असताना विचारत नाहीत. बोलणं संपलं, ग्रीन बुक (उपचारांची नोंदवही) पिशवीत गेलं, की दाराशी थांबून म्हणतात, "ताई, प्यायलो त्या दिवशी गोळी घेतली तर रिअ‍ॅक्शन येते ना?"

उत्तर आधीच देते: गोळी घ्यायचीच. सध्या बहुतेकांना मिळते ती टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर यांची एकत्र गोळी दारूबरोबर पोटात गेली म्हणून तिचं विष होत नाही. गोळी वारंवार चुकली की मात्र विषाणूला मोकळं रान मिळतं. दारूने यकृताचं, झोपेचं, जेवणाचं नुकसान होतं, ते वेगळं, आणि ते खरंच होतं. हेपॅटायटिस बी असेल किंवा क्षयरोग टाळण्यासाठी आयसोनियाझिड चालू असेल तर धोका आणखी वाढतो. तेव्हा पिण्याचं डॉक्टरांपासून लपवू नका. पण "आज प्यायलोय, गोळी उद्या" हा हिशेब फार महागात पडतो.

हाच हिशेब करणारा एक मुलगा माझ्याकडे आला होता (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). वय 22, कोल्हापूर जिल्ह्यात यंत्रमागावर कामाला. एचआयव्ही जन्मापासून. आईवडील लवकर गेले, आज्जीने वाढवलं. शाळेत असताना गोळी कधी चुकली नव्हती. आता व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, 1000 च्या वर गेला होता. आज्जीचं निदान तयार होतं: "संगतीनं नासवलं वो बाई पोराला."

त्याला मी "किती पितोस" असं विचारलं नाही. कुठे बसता, कोण कोण असतं, पैसे कोण काढतं, हे विचारलं. मग गल्लीच उलगडत गेली. कारखान्यातून घरी येताना आधी देशी दारूचं दुकान, मग मंडळाचा कट्टा. बटवड्याच्या दिवशी सगळ्यांची कॉन्ट्री निघते. महाराष्ट्रात बिअरसाठी 21 आणि देशी-विदेशी दारूसाठी 25 वर्षं वयाची अट आहे, पण 17 व्या वर्षापासून त्याला दुकानात कुणी वय विचारलेलं नव्हतं.

खरी गोष्ट पुढच्या भेटीत निघाली. एका मित्राच्या हळदीत त्याने ग्लास नाकारला, तेव्हा कुणीतरी सहज म्हणालं, "का रं, गोळ्या चालू हायत काय तुला?" बाकीचे हसले. याला घाम फुटला. वडील कशाने गेले याची कुजबुज गल्लीत होतीच. त्या दिवसापासून ग्लास पहिला उचलणारा तोच. नको म्हणायचं तर कारण द्यावं लागतं, आणि त्याच्याकडे असलेलं एकमेव कारण सांगता येण्यासारखं नव्हतं. त्यातच गोळीची वेळ रात्री नऊची, म्हणजे नेमकी कट्ट्यावरची. मैफल अर्धी टाकून घरी कसं जायचं?

अशा मुलाला "मित्र सोड" हा सल्ला मी देत नाही. आज्जी पडली तेव्हा रात्री दोनला रिक्षा काढणारे हेच मित्र होते. त्यांना सोडून तो त्या गल्लीत एकटा कसा राहणार होता?

डॉक्टरांशी बोलून आम्ही आधी गोळीची वेळ सकाळी, कामावर निघण्याआधीची केली. डोल्युटेग्राविरची ही गोळी जेवणाआधी किंवा नंतर, कधीही चालते. वेळ रोज तीच हवी. मग कारण शोधलं. "कावीळ होऊन गेलीय, डॉक्टरनं बंद सांगितलंय." आपल्याकडे काविळीला सगळे मानतात, त्यावर आग्रह होत नाही. हे खोटं त्याच्या तोंडी देताना मला काहीच वावगं वाटलं नाही. आपली एचआयव्ही स्थिती उघड करायला भाग न पाडलं जाणं हा त्याचा हक्क आहे. 2017 चा एचआयव्ही कायदा, जो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, तेच सांगतो. ते वाक्य त्याने माझ्यासमोर मोठ्याने म्हणून पाहिलं, अगदी हसू येईपर्यंत. बटवड्याचे पैसे कट्ट्यावर जायच्या आधी आज्जीच्या हातात द्यायचे, ही कल्पना मात्र त्याची स्वतःची.

आज्जीशी वेगळं बोलले. ती रोज दारात उभी राहून "गोळी घेतलीस का रं?" असं ओरडायची. माया होती, पण शेजारच्या चार घरांना ऐकू जायचं. आता चहाचा कप आणि गोळी एकत्र समोर ठेवते, बोलत काही नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा केलेल्या तपासणीत व्हायरल लोड 1000 च्या खाली आला. पिणं पूर्ण सुटलेलं नाही. लग्नात, मिरवणुकीत होतं, आणि तो ते मला येऊन सांगतो. दुसऱ्या दिवशीची गोळी चुकत नाही.

तुमच्या घरातला मुलगा रोज पीत असेल, सकाळी हात थरथरत असतील, तर मात्र एकदम बंद करायला लावू नका. झटके येऊ शकतात, आधी डॉक्टर गाठा. एचआयव्हीबद्दल काहीही विचारायचं असेल तर 1097 हा क्रमांक मोफत आहे, आणि मनाच्या ताणासाठी टेलिमानसचा 14416. फोनवर नाव सांगावं लागत नाही.