सांगली: वडिलांचा १२ वर्षांपूर्वी बसवलेला एऑर्टिक व्हॉल्व्ह (हृदयाची झडप) खराब होतोय. पुन्हा छाती न उघडता बदलता येईल का?

येईल, पण व्हॉल्व्ह टिश्यूचा (प्राण्याच्या ऊतीचा) असेल तरच. धातूच्या व्हॉल्व्हमध्ये दुसरा बसत नाही. जुना काढत नाहीत. जांघेतल्या धमनीतून नवा नेऊन त्याच्या आतच उघडतात. म्हणून आधी जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा, त्यावर कंपनी आणि साइझ असते. साइझ १९ किंवा २१ मिमी असेल तर आतली जागा अरुंद होते, व्हॉल्व्हवरचा दाब पुरेसा उतरत नाही, धाप राहू शकते. मोठा धोका वेगळाच: जुन्या पाकळ्या बाहेर ढकलल्या जाऊन कोरोनरीचं (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीचं) तोंड बंद होऊ शकतं. सीटीवर नव्या व्हॉल्व्हची जागा आणि ते तोंड यांतलं अंतर ४ मिमीपेक्षा कमी आलं तर जपूनच. मिरजेत सीटी करणार असाल तर ईसीजी-गेटेड (हृदयाच्या ठोक्यांशी जुळवून काढलेला) आणि जांघेपर्यंतचा हवा. साध्या छातीच्या सीटीचे पैसे वाया जातात. त्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासा. अंगात ताप असेल तर पहिलं ब्लड कल्चर (रक्तातल्या जंतूंची तपासणी), कारण जंतुसंसर्ग चालू असताना हे करत नाहीत.