नायट्रोजनमध्ये ठेवूनही पेरोव्स्काइट पिवळे का पडते?

ग्लव्हबॉक्समध्ये (नायट्रोजनने भरलेल्या बंद पेटीत) ओलावा आणि ऑक्सिजन नसतानाही मिथाइलअमोनिअम लेड आयोडाइडची, म्हणजे सौर सेलमध्ये वापरल्या जाणाऱ्या पेरोव्स्काइट स्फटिकाची, पातळ काळी फिल्म ८५ अंश सेल्सिअसवर हळूहळू पिवळी पडली, म्हणजे ग्लव्हबॉक्स गळत असावा, असा निष्कर्ष आपण काढला आहे. गळती अवश्य तपासावी. परंतु ती नसती तरीही हेच घडले असते.

या स्फटिकातील मिथाइलअमोनिअम आयन फारसा घट्ट बांधलेला नसतो. उष्णता मिळाली की त्याचे विघटन होऊन मिथाइलअमाइन आणि हायड्रोजन आयोडाइड हे वायू बाहेर पडतात (काही प्रमाणात मिथाइल आयोडाइड आणि अमोनियाही) आणि मागे उरते ते पिवळे लेड आयोडाइड. यातील पहिली अभिक्रिया उलटू शकते, पण त्यासाठी वायू तिथेच कोंडलेले असावे लागतात. उघड्या फिल्मवरून ते निघून जात असल्यामुळे विघटन पुढेच सरकत राहते. १०० अंशांवर अ‍ॅनीलिंग करताना (फिल्म तयार करताना ती तापवताना) ही फिल्म टिकली याचे आपल्याला आश्चर्य वाटते, पण तिथे काम काही मिनिटांचे असते आणि इथे कित्येक तासांचे. म्हणून उघड्या फिल्मच्या चाचणीवरून सीलबंद सेलचे आयुष्य ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मिथाइलअमोनिअमऐवजी फॉर्मामिडिनिअम हा दुसरा सेंद्रिय आयन वापरल्यास उष्णता अधिक सोसली जाते. मात्र फॉर्मामिडिनिअम लेड आयोडाइडची काळी अवस्था सामान्य तापमानाला स्थिर नसते आणि तीही पिवळी पडते. ते पिवळेपण अवस्था बदलल्याचे असते, विघटनाचे नव्हे, आणि साधारण १५० अंशांना तापवल्यावर काळा रंग परत येतो. थोडे सिझिअम मिसळल्यास ही अडचण बरीच आटोक्यात येते. डोळ्यांना दोन्ही पिवळे सारखेच दिसत असल्याने एक्स-रे विवर्तन (स्फटिकाची रचना क्ष-किरणांनी ओळखणारी चाचणी) घ्यावेच: त्यातील तांब्याच्या के-अल्फा क्ष-किरणांना १२.७ अंशांजवळ शिखर दिसले तर ते लेड आयोडाइड. ते अगदी किरकोळ असेल तर घाबरू नये, कारण कणांच्या सीमांवरील थोडे लेड आयोडाइड कधी कधी फायद्याचेच ठरते.

पूर्ण सेल तापवणार असाल, तर स्पायरो-ओमेटॅडच्या (धन विद्युतभार इलेक्ट्रोडकडे नेणाऱ्या सेंद्रिय पदार्थाच्या) थराकडे आणि चांदीच्या इलेक्ट्रोडकडेही लक्ष द्यावे. आयोडीन चांदीपर्यंत पोहोचले की सिल्व्हर आयोडाइड तयार होते. पुण्यात एप्रिल-मेमध्ये हवा चाळिशीला टेकते, तेव्हा गच्चीवरील पॅनेल त्याहून वीस-तीस अंशांनी अधिक तापू शकते, त्यामुळे ८५ अंशांची चाचणी अवास्तव म्हणता येत नाही. पुढच्या वेळी एक फिल्म उघडी आणि दुसरी काचेखाली कडा सील करून, अशा दोन्ही एकाच हॉटप्लेटवर ठेवाव्यात.